खोट्या पाण्याचा खरा समुद्र

प्रदर्शनासाठी रणगाडा किंवा जहाज तयार करणे फारसे अवघड नसते. पुठ्ठा, गोंद आणि थोडा धीर असला की काम होते. पण देखाव्यात समुद्र दाखवायचा म्हटले की हात अडतो. मग पुष्कळ मुले एका ताटात पाणी ओततात आणि त्यात जहाज ठेवतात. ते पाणी खरे असते, पण खोटे दिसते. असे का होते?

जहाज लहान करता येते, पाणी लहान करता येत नाही. समजा, आपला देखावा मूळ दृश्याच्या बहात्तराव्या भागाएवढा आहे. त्यात १.८ मीटर उंचीचा सैनिक अडीच सेंटीमीटरचा होतो आणि दीड मीटरची लाट सुमारे दोन सेंटीमीटरची. ताटातल्या पाण्यावर अशी लाट उभी राहत नाही. उलट पाण्याचा एक थेंब सैनिकाच्या डोक्याहून मोठा दिसतो! म्हणून पाणी दाखवायचे असेल तर पाणी वापरायचे नाही.

आपण एक खरा प्रसंग घेऊ. ६ जून १९४४ रोजी दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्य फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले. त्यातल्या एका भागाला ‘ओमाहा’ हे सांकेतिक नाव होते. तेथे अमेरिकन सैनिकांची पहिली तुकडी सकाळी साडेसहाच्या सुमारास उतरली. तेव्हा ओहोटी संपून भरती सुरू झाली होती. ‘भरती’ हा शब्द तुम्ही उर्दूत सैन्यातल्या भरतीसाठी ऐकला असेल. मराठीत समुद्राचे पाणी चढते, त्यालाही भरती म्हणतात.

ओहोटीची वेळ मुद्दाम निवडली होती. जर्मनांनी वाळूत लाकडी खांब आणि लोखंडी तिकाटणी रोवली होती. काही खांबांवर सुरुंग बांधले होते. भरतीच्या पाण्यात हे अडथळे दिसले नसते आणि होड्या फुटल्या असत्या. ओहोटीत ते उघडे पडले. पण सैनिकांना सुमारे ३०० मीटर उघडी वाळू गोळीबारात ओलांडावी लागली. शिवाय समुद्र खवळलेला होता. एका तुकडीने दूर पाण्यात सोडलेल्या २९ तरंगत्या रणगाड्यांपैकी २७ बुडाले. वाळूवर पडलेल्या जखमींपर्यंत भरतीचे पाणी चढत आले आणि ज्यांना हलता येईना त्यातले काही बुडून मेले. अशा देखाव्यात निळे, शांत पाणी रंगवले, तर ती सकाळच खोटी ठरेल.

आता कामाला लागू. संपूर्ण किनारा दाखवण्याचा हट्ट नको. ३०० मीटर वाळूच आपल्या प्रमाणात चार मीटरांहून लांब होईल! अर्धा मीटर लांबीची फळी पुरे. तिच्यावर थर्माकोलचा हलका उतार करा आणि वर प्लास्टर लावा. वाळू मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या. साध्या वाळूचा अर्ध्या मिलिमीटरचा कण येथे सुमारे साडेतीन सेंटीमीटरचा खडा होतो.

लाटांसाठी टिशू पेपर आणि पाणी घातलेला फेव्हिकॉल घ्या. कागद ओला करून पसरा आणि बोटांनी किनाऱ्याला समांतर सुरकुत्या पाडा. लाटा कुठूनही आल्या तरी उथळ पाण्यात त्या वळून किनाऱ्याला समांतर होऊ लागतात. थर पूर्ण वाळू द्या. येथे घाई करणाऱ्याचा समुद्र फाटतो. मग ॲक्रिलिक रंग द्या: खोल पाण्यात हिरवट करडा, किनाऱ्याजवळ वाळू मिसळलेला तपकिरी. आकाश त्या दिवशी ढगाळ होते, म्हणून चमकदार निळा रंग डबीतच राहू द्या. शेवटी पारदर्शक, चकाकणाऱ्या व्हार्निशचे दोन-तीन पातळ हात द्या.

बाजारात पारदर्शक रेझिनही मिळते. तळ दिसणाऱ्या शांत तळ्यासाठी ते सुंदर आहे. पण घट्ट होताना ते तापते, आणि हातमोजे, मोकळी हवा व जवळ मोठे माणूस असल्याशिवाय ते वापरू नये. आपल्या गढूळ समुद्राला त्याची गरजच नाही.

फेसासाठी कापूस अगदी विरळ पिंजा आणि लाटेच्या माथ्यावर, खांबांच्या बुंध्याशी व होडीच्या मागे चिकटवा. सगळीकडे नको. पाण्यात उभे असलेले सैनिक कमरेशी कापून बसवा. त्यांचे कपडे पाण्याच्या रेषेच्या थोडे वरपर्यंत गडद रंगवा, कारण कापड पाणी वर ओढते. ओली वाळूही गडद आणि किंचित चमकणारी हवी. ही ओली पट्टी पाण्यापासून सुरू होऊन खांबांच्या रांगांपलीकडे जाऊ द्या. रात्रीची भरती तिथपर्यंत येऊन गेली होती, आणि आता पाणी पुन्हा तिकडेच निघाले होते.

स्वाध्याय
१. ताटातले खरे पाणी देखाव्यात खोटे का दिसते?
२. ओहोटीची वेळ निवडल्याने सैनिकांचा कोणता फायदा व कोणता तोटा झाला?
३. तुमच्या गावातील नदी, तलाव किंवा समुद्र पाहा. सकाळी व दुपारी पाण्याचा रंग कसा दिसतो, ते पाच वाक्यांत लिहा.