नव्या स्टीम डेकची बॅटरी इतक्या लवकर का संपते?

प्रश्न : नव्या स्टीम डेकवर एक गेम दोन तासांत बॅटरी संपवतो, दुसरा सहा तास चालतो. यंत्रात दोष आहे का?

उत्तर : हा फरक स्वाभाविक आहे. २०२२ च्या मूळ मॉडेलची बॅटरी ४० वॉट-तासांची असून वॉल्व्ह कंपनीचाच अंदाज २ ते ८ तासांचा आहे. मुख्य चिप ४ ते १५ वॉट वीज घेते. पडदा, पंखा व वायफायचा खर्च वेगळा. मोठ्या त्रिमितीय गेममध्ये एकूण मागणी २० वॉटपलीकडे जाते, साध्या द्विमितीय गेममध्ये चिपला फारसे काम नसते.

उपाय पहिल्याच दिवशी करून पाहण्याजोगा आहे. तीन ठिपक्यांचे बटण दाबून उघडणाऱ्या पट्टीत फ्रेमची मर्यादा सेकंदाला ६० ऐवजी ४० करावी. ३० फ्रेमला प्रत्येक चित्र सुमारे ३३ मिलिसेकंद टिकते, ६० ला सुमारे १७. ४० ला २५, म्हणजे अगदी मधोमध. त्यामुळे हालचाल ३० पेक्षा खूपच सलग भासते आणि वीजही वाचते. हा तडजोडीचा उत्तम बिंदू आहे. पडद्याची प्रखरता कमी केल्यानेही थोडा फायदा होतो.

वरच्या फटीतून येणारी गरम हवा हा दोष नव्हे. ती फट मात्र झाकू नये. २०२३ च्या ओलेड मॉडेलमध्ये बॅटरी ५० वॉट-तासांची असून अंदाज ३ ते १२ तासांचा आहे.