हिरड्यांचे आरोग्य आणि वार्धक्यातील श्वास

उतारवयात दात हलू लागणे आणि चार पावले चालताच धाप लागणे, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे वयाचा धर्म म्हणून स्वीकारल्या जातात. नांदेड जिल्ह्यातील मुखेड-कंधार असो वा लातूर जिल्ह्यातील औसा-निलंगा, हिरड्यांतून रक्त येते म्हणून दवाखान्याची पायरी चढणारे वृद्ध थोडेच. तोंडाच्या या दुखण्याचा फुप्फुसांशी संबंध असू शकतो, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

दातांवर साचलेले कीटण वेळीच न काढल्यास त्यातील जंतूंमुळे हिरड्या सुजतात, दातांना आधार देणारे हाड झिजते व दात खिळखिळे होतात. यालाच आपण पायरिया म्हणतो. झोपेत लाळेचे सूक्ष्म थेंब श्वासनलिकेत उतरतात आणि त्यांबरोबर हे जंतूही. धडधाकट माणसाचे शरीर त्यांचा बंदोबस्त करते. परंतु पक्षाघाताने अंथरुणास खिळलेल्या वृद्धाची गिळण्याची व खोकण्याची शक्ती क्षीण झालेली असते. अशा वेळी न्युमोनिया होण्याचा धोका वाढतो.

जपानमधील ११ वृद्धसेवागृहांत याची प्रत्यक्ष परीक्षा घेण्यात आली. तिचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांच्या काळात, नेहमीप्रमाणे राहणाऱ्या वृद्धांपैकी शेकडा १९ जणांना न्युमोनिया झाला. ज्यांचे तोंड सेवकांनी नियमितपणे स्वच्छ केले, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ११ होते.

फुप्फुसांच्या क्षमतेविषयी मात्र विवेकाने बोलावयास हवे. हिरड्यांचा विकार असलेल्यांची श्वसनक्षमता कमी असल्याचे अनेक पाहण्यांत आढळले आहे. तथापि एकामुळेच दुसरे घडते, असे सिद्ध झालेले नाही. विडी हिरड्या व फुप्फुसे या दोहोंचीही हानी करते. आपल्याकडील वृद्ध स्त्रियांचे उदाहरण पाहावे. पऱ्हाट्या-तुराट्यांच्या धुरात चुलीपुढे बसून ज्यांचे आयुष्य गेले आणि मिश्री लावण्याची ज्यांना सवय, त्यांची फुप्फुसे धुराने व हिरड्या तंबाखूने दुबळ्या झालेल्या असतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील शेकडा २४.४ प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत होते. मिश्री हे दंतमंजन नव्हे, ती भाजलेली तंबाखूच होय, हे घरोघर सांगितले पाहिजे.

उपाय खर्चिक नाहीत. सकाळी व रात्री मऊ ब्रशने दात घासावेत, जेवणानंतर चूळ भरावी. कवळी रात्री काढून, स्वच्छ करून पाण्यात ठेवावी. दात पडले तरी हिरड्या व जीभ ओल्या स्वच्छ फडक्याने पुसाव्यात. अंथरुणावरील वृद्धाचे तोंड स्वच्छ करताना त्यास शक्यतो बसते करावे. हिरड्यांतून रक्त वा पू येत असल्यास दंतवैद्यास दाखवावे. धाप किंवा दीर्घकाळचा खोकला असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात छाती तपासून घ्यावी. दात घासणे हा त्यावरील औषधोपचाराला पर्याय नव्हे.

नांदेड व लातूर या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. परंतु तेथवर जाण्याची वेळच येऊ नये, हे काम गावाचे आहे. ग्रामसभेत पंचायत सदस्यांनी हा विषय मांडावा. शिक्षकांनी मुलांना दात घासावयास शिकविताना, घरी आजी-आजोबांच्या हाती ब्रश देण्याचे कामही सोपवावे. नातवाचा आग्रह मोडणे आजीला सहसा जमत नाही.