कोरडी त्वचा : कारणे आणि उपाय



दिवाळी झाली की परिपाठाला उभ्या मुलांचे हात-पाय बघा. नख ओढलं तर पांढरी रेघ उठते. ओठ फुटलेले, टाचा उललेल्या. आपण पटकन म्हणतो, "अंघोळ केली नाहीस का? उद्या घासून ये." मीही म्हणायचे. एकदा तिसरीतली मुलगी म्हणाली, "बाई, रोज घासते, तरी जात नाही." तिच्या हातावर घासल्याचे ओरखडे होते. तो मळ नव्हताच!

कारणे :
त्वचेतलं पाणी धरून ठेवायचं काम तिच्यावरचा तेलकट थर करतो. थंडीतली कोरडी हवा हे पाणी ओढून घेते. माण, खटाव, जत, आटपाडी हा भाग पर्जन्यछायेचा. इथे अनेक गावांत बोअरचं जड पाणी. त्यात साबणाचा फेस होत नाही, म्हणून आपण साबण जास्त लावतो आणि तो अंगावर चिकटून राहतो. त्यात कढत पाणी! मग तेलकट थरही निघून जातो.

उपाय :
१) कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ. साबण सौम्य आणि थोडाच. दगडाने घासणे बंद.
२) अंग खसाखसा न पुसता टिपावे. ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे. तेल पाणी देत नाही, आत असलेलं अडवतं.
३) फुटलेले ओठ जिभेने चाटू नयेत.
४) टाचांना रात्री व्हॅसलीन लावून सुती मोजे घालावेत.

डॉक्टरांकडे कधी?
रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे, घरात इतरांनाही खाज आहे, तर ती खरूज असू शकते. भेगांतून रक्त किंवा पू येत असेल तरीही प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडची ट्यूब आणू नका.

वर्गात करून पाहा :
बटाट्याच्या दोन चकत्या घ्या. एकीला सगळीकडून व्हॅसलीन लावा, दुसरी तशीच ठेवा. दुसऱ्या दिवशी कोणती जास्त सुकली, ते मुलंच सांगतील. बाष्पीभवनाचा पाठही होईल.

आणि उद्या परिपाठाला पांढरे हात दिसले, तर चारचौघांत "अंघोळ केलीस का?" असं विचारू नका. बाजूला बोलावून विचारा, "बाळा, अंघोळीनंतर तेल लावतोस का?"