एडनच्या कारभाराचे हस्तांतर

जगाचा नकाशा उघडून अरबस्तानच्या नैर्ऋत्य टोकाकडे दृष्टी टाकली, तर तांबड्या समुद्राच्या मुखाजवळ एडन हे बंदर दिसते. आपल्या हुबळीचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणाच्याही मनात सहज येईल. परंतु एक काळ असा होता की, आपल्या धारवाड जिल्ह्याचा आणि या समुद्रापलीकडच्या एडनचा कारभार एकच सरकार पाहत असे. ते सरकार म्हणजे मुंबई सरकार. पुढे ही दोन्ही ठिकाणे त्या सरकारच्या हातून गेली. एडन 1932 साली, धारवाड 1956 साली. एखादे ठाणे एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे जाते तेव्हा नेमके काय काय हलते, आणि काय जागच्या जागी राहते, याचा विचार एडनच्या उदाहरणाने आम्ही येथे करणार आहोत.

एडन इंग्रजांच्या हाती आले ते कोळशाच्या पायी. 1830 साली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली व वाफेच्या बळावर विलायतेचा मार्ग जवळ करता येईल हे सिद्ध झाले. आगबोटीला वाटेत कोळसा घेण्यासाठी विसाव्याचे ठिकाण लागे. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांची दृष्टी एडनवर गेली. त्यांच्या मृत्यूनंतर, 19 जानेवारी 1839 रोजी, कंपनी सरकारच्या फौजेने ते बंदर लढून घेतले. मुंबईपासून सुमारे 1650 सागरी मैलांवरील हा खडकाळ मुलूख अशा रीतीने मुंबई इलाख्यास जोडला गेला.

तेथे नेमलेल्या अधिकाऱ्यास आरंभी राजकीय एजंट व पुढे रेसिडेंट म्हणत. रेसिडेंट हा शब्द मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांस नवा नाही. पुण्याच्या दरबारी मॅलेट व एल्फिन्स्टन हे इंग्रजांचे रेसिडेंट होते. म्हणजे आपल्या भाषेत वकील. एडनच्या रेसिडेंटावर मात्र दुहेरी भार होता. शहरात तो कलेक्टरासारखा राज्यकर्ता, तर शहराबाहेर लहेजच्या सुलतानाशी व इतर अरब टोळ्यांशी बोलणारा वकील. एकाच मेजावर एका बाजूस पाणी, जकात व तुरुंग यांचे कागद, तर दुसऱ्या बाजूस तहनामे.

या दुहेरी कामाचा भार पहिल्याच अधिकाऱ्यास कसा भोवला, हे मनाला चटका लावणारे आहे. कॅप्टन हेन्स यांनी पंधरा वर्षे एडन सांभाळले. हिशेबासाठी पुरेशी माणसे मिळावीत म्हणून त्यांनी मुंबईकडे मागणी केली, पण ती पुरी झाली नाही. अखेर तिजोरीत मोठी तूट आढळली. 1854 साली त्यांना मुंबईस बोलावून त्यांच्यावर अपहाराचा खटला भरण्यात आला. ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरविले. तरीही तुटीची रक्कम त्यांच्या नावे कर्ज धरली गेली व ती फेडता न आल्याने त्यांना सहा वर्षे बंदिवास घडला. 1860 साली सुटका होताच थोड्याच दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. जबाबदारी दूरच्या माणसावर टाकावी आणि ती पार पाडण्याचे साधन मात्र जवळ ठेवावे, असा कारभार झाला म्हणजे काय होते, ते यावरून दिसते.

एडन मुंबईच्या ताब्यात असल्यामुळेच ते नाव महाराष्ट्राच्या स्मरणात कायमचे कोरले गेले. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना 1879 साली आजच्या विजयपूर जिल्ह्यातील देवर नावदगी येथे पकडण्यात आले. जन्मठेपेची शिक्षा देऊन त्यांना एडनच्या तुरुंगात धाडले, व तेथेच 17 फेब्रुवारी 1883 रोजी त्यांचा अंत झाला. इंग्रजांच्या कागदोपत्री ते ठिकाण मुंबईचेच होते. कैद्याला मात्र ते मायभूमीच्या पार पलीकडे होते.

आता हस्तांतराकडे वळू. मुंबईच्या अखत्यारीतील परदेशची ठाणी एकामागून एक तिच्या हातून कशी गेली, याचे पहिले उदाहरण झांझिबारचे आहे. 1841 साली तेथे गेलेले हॅमर्टन हे कंपनीचे एजंट आणि ब्रिटिश सरकारचे कॉन्सल अशा दोन्ही नात्यांनी काम पाहत. 1873 साली ते ठाणे मुंबईकडून हिंदुस्थान सरकारकडे गेले आणि 1883 साली लंडनच्या परराष्ट्र खात्याकडे. इराणी आखातातील बुशहरची रेसिडेन्सीही 1873 सालीच मुंबईकडून हिंदुस्थान सरकारकडे गेली. अशा प्रत्येक वेळी मूळ प्रश्न एकच असे : हुकूम लंडनने द्यावा आणि पगार हिंदुस्थानच्या रयतेच्या पैशातून व्हावा, हे कोठवर चालावे?

एडनच्या बाबतीत हा प्रश्न पहिल्या महायुद्धात ऐरणीवर आला. 1915 साली तुर्कांची फौज लहेज घेऊन एडनच्या वेशीपर्यंत आली. तेव्हा 1917 साली शहराबाहेरील मुलखाचे राजकीय काम ब्रिटिश सरकारने आपल्याकडे घेतले; 1921 साली ते वसाहत खात्याकडे गेले. शहर मात्र मुंबईकडेच राहिले. त्यामुळे रेसिडेंट शहराविषयी मुंबईस लिही, तर सुलतानांविषयी लंडनला. 1932 साली शहर मुंबईकडून काढून थेट हिंदुस्थान सरकारच्या हाताखाली चीफ कमिशनरचा प्रांत करण्यात आले. शेवटी 1935 च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यान्वये 1 एप्रिल 1937 रोजी एडन हिंदुस्थानापासून तोडून ब्रिटिश वसाहत बनविण्यात आले. ब्रह्मदेशही त्याच दिवशी वेगळा झाला.

हे हस्तांतर विनातक्रार झाले नाही. एडनमध्ये हिंदी व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या, कचेऱ्यांत हिंदी कारकून होते. आपल्या दाव्यांचे अपील कोठे करावयाचे, बंदर जकातमुक्त राहणार की नाही, नोकरांचे पुढे काय, अशा शंकांनी लोक अस्वस्थ झाले; मध्यवर्ती कायदेमंडळातही विरोध प्रकट झाला. म्हणून ब्रिटिश सरकारला काही आश्वासने द्यावी लागली. मुंबई हायकोर्टाकडे अपिलाचा हक्क चालू राहील. खुल्या बंदराचे धोरण शक्यतो पाळले जाईल. हिंदी नोकरवर्गापैकी काहींना काही वर्षे कामावर ठेवले जाईल. वंशभेदाचे कायदे केले जाणार नाहीत. आणि एडनसाठी हिंदुस्थानच्या तिजोरीतून दरसाल जाणारी रक्कम बंद होईल, असे त्यांचे स्वरूप होते. एडनच्या सामान्य अरब रहिवाशाचे मत घेण्यासाठी मात्र मतदान झाले नाही.

या सर्व स्थित्यंतरात एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सर बर्नार्ड रेली हे मुंबईच्या अमलाखालील शेवटचे रेसिडेंट, तेच पुढे चीफ कमिशनर आणि तेच वसाहतीचे पहिले गव्हर्नर. माणूस तोच, शहर तेच; धनी तेवढे तीन. नाणेही लगेच बदलले नाही. हिंदुस्थानापासून फारकत होऊन चौदा वर्षे लोटली तरी बाजारात रुपयाच चाले. 1951 साली त्याची जागा पूर्व आफ्रिकेच्या शिलिंगाने घेतली. पुढे 30 नोव्हेंबर 1967 रोजी इंग्रज एडन सोडून गेले. कागदावरचा हुकूम एका दिवसात अमलात येतो; सवयी, हिशेब व ऋणानुबंध यांना पिढी लागते.

हाच अनुभव आपल्या घराजवळही आला. राज्य पुनर्रचना कायद्याने 1 नोव्हेंबर 1956 रोजी धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे आणि चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्यांबरोबर शिक्षक, तलाठी, कारकून, पोलीस असा सारा नोकरवर्ग नव्या सरकारच्या हाताखाली आला. या नोकरांच्या सेवाशर्ती केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून त्यांच्या तोट्याच्या होतील अशा बदलू नयेत, असे कलम त्या कायद्यातच घातले होते. एडनला जे सरकारी आश्वासन होते, ते येथे कायद्याचे बंधन झाले. अलीकडेही, 2004 साली निर्माण झालेले अनिवासी भारतीयांविषयीचे मंत्रालय जानेवारी 2016 मध्ये परराष्ट्र मंत्रालयात विलीन करण्यात आले. परदेशस्थ भारतीयांच्या अडचणींसाठी शेवटी आपल्या वकिलातींनाच धावावे लागते. मग दोन मंत्रालये कशासाठी, हा विचार त्यामागे होता.

सारांश, परदेशचे ठाणे असो वा गावचे तालुका कचेरीचे दप्तर असो, त्याचे हस्तांतर करताना तीन प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी मिळावी लागतात : हुकूम कोणाचा, खर्च कोणाचा, आणि दाद कोणाकडे? हुकूम आणि खर्च निरनिराळ्या हाती राहिले की हेन्ससारखा माणूस मधल्या मधे भरडला जातो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर स्पष्ट लिहिले नसेल, तर सामान्य माणसास कोणीच वाली उरत नाही. आमच्यापैकी काहीजण उद्या कचेऱ्यांत, काहीजण कदाचित वकिलातींतही काम करतील. त्या वेळी फाईल एका मेजावरून दुसऱ्या मेजावर सरकवताना, तिच्याबरोबर कोणाचा तरी पगार, कोणाचा तरी दावा आणि कोणाची तरी चिंताही सरकत आहे, याचे भान आम्हांस राहावे, एवढीच अपेक्षा.