सगळं दातांवर ढकलू नका

तुमचं मूल सहा-सात वर्षांचं असेल, तर सध्या घरात दातांचा विषय रोज निघत असणार. खालचा पटाशीचा दात हलतोय, मूल तो जिभेने सारखा ढकलतंय, भाकरीचा पापुद्रा तेवढा खाऊन बाकीची बाजूला सारतंय. हिरडी लाल होते, ठणकते, एखाद्या रात्री चिडचिडही होते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मऊ भात, गार दही एवढ्यावर हे निभावतं. लवंगेचं तेल मात्र हिरडीला चोळू नका, कोवळी त्वचा पोळते.

पण ताप आला तर?

दात येताना फार तर अंग किंचित कोमट लागेल. थर्मामीटर १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, जुलाब-उलट्या लागल्या, अंगावर पुरळ उठलं, तर ते दातांमुळे नाही, एवढं नक्की धरून चाला. बाळ तान्हं असल्यापासून आपल्या तोंडी बसलेलं असतं, 'दात येतायत, व्हायचंच!' तेच वाक्य पहिलीतल्या मुलालाही लावलं जातं. खरं तर याच वयात मूल वर्गात शेजारी-शेजारी बसून एकमेकांचे सर्दी-खोकले घरी आणतं, आणि दातही याच वयात पडतात. दोन्ही एका वेळी होतं, म्हणून एकामुळे दुसरं झालं असं वाटतं. पावसाळ्यात मला याची फार धास्ती वाटते. डेंग्यूत ताप उतरायला लागतो, तेव्हाच तब्येत अचानक बिघडू शकते. सुरुवातीचे दिवस 'दातांचा ताप' म्हणून घरीच काढले, तर नेमक्या त्या वेळी मूल कोणाच्याच देखरेखीखाली नसतं.

उलट, ज्या गोष्टींनी आई-बाबा घाबरतात, त्या बहुतेक साध्या असतात. दुधाचा दात पडायच्या आधीच त्याच्या मागे नवा दात उगवून दोन रांगा दिसतात. दुधाचा दात हलत असेल तर काही आठवड्यांत तो पडतो आणि जीभ नव्याला पुढे सारते. दोन-तीन महिन्यांत हललाच नाही, तर दाखवून घ्या. नवे दात पिवळसर आणि कडेला करवतीसारखे दिसतात, तेही नैसर्गिक. वरच्या दोन पटाशींमधली फट बहुतेकदा अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे आले की मिटते.

लक्ष द्यायचं ते वेगळ्याच ठिकाणी. सहाव्या वर्षाच्या आसपास जबड्याच्या अगदी मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून ती आल्याचं घरात कळतच नाही. कळलं तरी 'दुधाचीच आहे, पडेल' म्हणून कीड लागली तरी सोडून दिली जाते. ही दाढ जन्मभराची आहे. ती अर्धी वर आलेली असताना तिच्यावर हिरडीची झडप राहते. तिच्याखाली पोह्याचा कण, बिस्किटाचा लगदा अडकतो आणि मग खरंच सूज येते. गाल सुजला, तोंड उघडेना, घास गिळवेना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आज रात्री ब्रश करताना मुलाचं डोकं मांडीवर घ्या आणि मोबाइलच्या टॉर्चने बघा. मधल्या रेषेपासून मागे मोजत जा. दुधाचे दात प्रत्येक बाजूला पाचच असतात. सहावा दिसला, तर ती हीच दाढ. पूर्ण वर येईपर्यंत ती इतर दातांपेक्षा खाली असते, त्यामुळे सरळ फिरवलेला ब्रश तिच्यावरून निसटतो. ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालून तुम्ही स्वतः घासा, सात-आठ वर्षांपर्यंत तरी हे मुलावर सोडू नका. दाढेवरच्या खाचा खोल असतील, तर दंतवैद्य त्या सीलंटने बुजवून देतात. त्यात ड्रिल लागत नाही, दुखत नाही. दाढ पूर्ण वर आली की तेवढं विचारून घ्या.