झूम भिंगाची काळजी

मुलांनो, लग्नात किंवा सहलीत छायाचित्रकार जागेवरून न हलता दूरचा चेहरा जवळ आणतो. ही किमया झूम भिंगाची! त्यातील काचा पुढे-मागे सरकतात, म्हणून चित्र लहान-मोठे होते.

७०-२०० मिलिमीटरचे मोठे भिंग एक ते दीड किलो भरते. कॅमेरा नुसता गळ्यात अडकवला, तर हा भार कॅमेरा व भिंग यांच्या जोडावर येतो. मग एखादा धक्काही महागात पडतो. म्हणून चालताना डावा हात भिंगाखाली असावा. काही भिंगे तोंड खाली होताच आपल्याच वजनाने लांब होतात. निघण्यापूर्वी ती आखडून घ्यावीत आणि झाकण लावावे.

काचेवरील धूळ आधी फुंकणीने उडवावी, मगच मऊ कापडाने पुसावे. सदऱ्याच्या टोकाने घासल्यास धुळीचे कण ओरखडे काढतात. पावसाळ्यात दमट हवेमुळे काचेवर बुरशी चढते. म्हणून ओल्या पिशवीत भिंग ठेवू नये.

भिंगावर छायाचित्रकाराची रोजीरोटी चालते. कुणी ते विश्वासाने हाती दिले, तर ती अमानत समजून जपा.

शब्दार्थ : किमया - जादू, दमट - ओलसर, ओरखडा - चरा.

प्रश्न : चालताना हात भिंगाखाली का ठेवावा?