प्रकाशतंतू आणि पर्यावरण

विज्ञानाचा लाभ केवळ वेगाने मोजावयाचा नसतो. त्यासाठी निसर्गाकडून काय घेतले, हेही पाहावे लागते. काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या साहाय्याने संदेश वाहून नेणारी फायबर ब्रॉडबँड सेवा आता खेड्यापाड्यांकडे वळली आहे. तिचा या दृष्टीने विचार करणे उद्‌बोधक ठरेल.

खाणीवरील भार

दूरध्वनीच्या जुन्या तारा तांब्याच्या असत. तांब्याच्या खनिजात धातूचे प्रमाण बहुधा शेकडा एकच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. साहजिकच एक टन तांब्यासाठी शंभर टन वा त्याहून अधिक खनिज उपसून दळावे लागते. प्रकाशतंतू मात्र सिलिकाचा, म्हणजे वाळूतील मुख्य घटकाचा बनतो. तो ओढण्यासाठी भट्टीची प्रखर उष्णता लागतेच. पण केसाएवढ्या जाडीच्या या तंतूस पदार्थ लागतो तो अत्यल्प.

विजेची बचत

काचेतील अशुद्धता दूर केल्यास प्रकाश दूरवर नेता येईल, हे चार्ल्स काव व जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली दाखवून दिले. काव यांना २००९ साली नोबेल पारितोषिकाचा बहुमान लाभला. आजच्या तंतूत १५ किलोमीटर अंतर कापल्यावरही सुमारे निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. तांब्याच्या तारेवरील ब्रॉडबँडचा वेग तीन-चार किलोमीटरांतच मंदावतो. म्हणून वस्तीजवळ विजेवर चालणारी यंत्रे बसवावी लागतात. प्रकाशतंतूच्या एका वाहिनीतून ३२ किंवा अधिक घरांना प्रकाश वाटून देणाऱ्या विभाजकास मात्र वीज मुळीच लागत नाही.

वाचलेली फेरी

ग्रामपंचायती प्रकाशतंतूंनी जोडण्याच्या राष्ट्रीय योजनेस केंद्र शासनाने २०११ साली मान्यता दिली. हीच योजना पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा संगणकावर मिळू लागला. उताऱ्यासाठी तालुक्याच्या गावी जाण्याची शेतकऱ्याची एक फेरी टळली, की त्याची मजुरी वाचते आणि वाहनाचे इंधनही वाचते.

जपणूक हवी

तथापि हा लाभ आपोआप पदरात पडत नाही. रस्त्याच्या किंवा जलवाहिनीच्या खोदकामात केबल तुटली, की शेतकऱ्यास पुन्हा एस.टी.ची वाट धरावी लागते, दुरुस्तीसाठी जमीन पुन्हा खणावी लागते आणि प्लास्टिकच्या आवरणाचा कचरा मागे उरतो. म्हणून खोदकामापूर्वी केबलच्या मार्गाची चौकशी करणे, रस्ता, पाणी व केबल यांची कामे शक्यतो एकाच चरात उरकणे आणि जुन्या तारांतील तांबे पुनर्वापरासाठी देणे अगत्याचे आहे. गावात आलेली ही प्रकाशाची वाट अखंड राखणे, हे शासनाइतकेच ग्रामस्थांचेही कर्तव्य होय.